चाळिशीनंतर फिट राहायचं ते कशासाठी? आपलं स्वतःचं कारण शोधायची आणि टिकवायची पद्धत

चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही विचारा, व्यायाम केला पाहिजे हे ज्याला माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर रोज तेच येतं, कोमट पाणी प्या, साखर बंद करा, दहा हजार पावलं चाला, आणि दीक्षितांचं डाएट की दिवेकरांचं यावरून तर मध्यंतरी आमच्या नात्यात भाऊबंदकी व्हायची वेळ आलेली. माहिती पोत्याने आहे. नाही ते कारण. "तब्येतीसाठी करायचं" हे बोलायला बरं वाटतं पण पहाटे साडेपाचला अलार्म वाजतो, बाहेर गार वारा असतो, तेव्हा "तब्येत" नावाची गोष्ट कुठे दिसत नाही, पांघरूण मात्र दिसतं.

म्हणून हे लिहितेय ते कोणता व्यायाम करावा यावर कमी आणि कशासाठी करावा हे कसं ठरवायचं यावर जास्त. माझं म्हणणं एवढंच आहे की कारण असं पाहिजे जे करून बघता येतं. अमुक माणसासाठी, अमुक वेळी, माझ्या शरीराला अमुक काम जमलं पाहिजे. एवढं नक्की झालं की व्यायाम कोणता हा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो.

आधी जी कारणं टिकत नाहीत ती बाजूला काढू.

सगळ्यात कॉमन म्हणजे रिपोर्टची भीती. कंपनीच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) ५.९ येतं, ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस असं डॉक्टर सांगतात, माणूस हादरतो, दुसऱ्या दिवशी बूट घेतो, तीन महिने इमानेइतबारे चालतो, परत टेस्ट करतो, ५.६ येतं आणि बूट जिन्याखाली जातात. भीतीचं कामच तसं आहे, रिपोर्ट नॉर्मल आला की ती संपते. आता भीती खोटी आहे असं नाही हं, आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली आलेल्या देशभराच्या पाहणीत १० कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आणि साधारण १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर असा अंदाज निघाला. आणि उंबरठ्यावरून मागे फिरता येतं हेही खरं, अमेरिकेत २००२ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटं हालचाल आणि वजनात सात टक्के घट असं टार्गेट दिलेल्या लोकांमध्ये डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, गोळी दिलेल्यांमध्ये ३१ टक्क्यांनी. तेव्हा भीतीने सुरुवात झाली तर होऊ द्या, उलट चांगलंच. फक्त तिच्या भरवशावर वर्ष काढता येत नाही.

दुसरं वजन. वजनाचा काटा हा अत्यंत कृतघ्न प्राणी आहे, पंधरा दिवस घाम गाळा आणि तो तिथेच, एका लग्नाला जाऊन या की दीड किलो वर. मोजायचंच असेल तर कंबर मोजा, टेप घेऊन बेंबीच्या आसपास, पोट आत न ओढता (सगळे ओढतात). आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ धरतात. महिन्यातून एकदा पुरे.

तिसरं लग्न, म्हणजे मुलीचं, पुतण्याचं किंवा शाळेचं पंचवीस-तीस वर्षांनंतरचं गेट-टुगेदर. नऊवारीत चांगलं दिसायचंय, जुन्या वर्गातल्या लोकांनी "अगं तू तशीच आहेस" म्हणायला पाहिजे. याला मी अजिबात नावं ठेवणार नाही, दिसण्याचं कारण हे हलकं कारण आहे असं मानणाऱ्या लोकांनीच हेअर डाय लावलेला असतो. पण त्याला एक्सपायरी डेट असते. मांडव उतरला की कारणही उतरलं. त्यामुळे अशा कारणाच्या मागे दुसरं एखादं आधीच उभं करून ठेवायचं.

आता आपलं कारण शोधायचं कसं. एक जुनं कालनिर्णय घ्या, त्याच्या मागच्या बाजूला कोरी जागा असेल तिथे लिहा, मोबाईलमध्ये नको कारण मोबाईल उघडला की माणूस रीलमध्ये जातो. पहिला प्रश्न, गेल्या वर्षभरात मी शरीरामुळे काय टाळलं? टाळलं म्हणजे कोणाला न सांगता टाळलं ते. पंगतीत बसायचं सोडून कोपऱ्यातली खुर्ची शोधली, सप्तशृंगीला सगळे पायऱ्यांनी गेले आणि आपण "मी बॅगा सांभाळते" म्हणालो, गच्चीवर वाळवण घालायला मुलाला पाठवलं, रात्रीचा प्रवास नको म्हणून मामेबहिणीकडचा कार्यक्रम बुडवला. ही यादी फार बोलकी असते आणि प्रामाणिकपणे लिहिली तर जरा झोंबते. दुसरा प्रश्न, येत्या दहा वर्षांत कोणाचा भार माझ्यावर येणार आहे, आणि इथे भार हा शब्द किलोमध्ये घ्यायचा. तिसरा, असं काय आहे जे मला अजून एकदा तरी करायचंच आहे आणि पैसे असून उपयोग नाही, पाय लागतात.

दुसऱ्या प्रश्नावर थोडं थांबते कारण मधल्या वयातलं सगळ्यात दणकट कारण मला तिथेच दिसलंय. आपल्या वयाच्या लोकांचे आईवडील पंचाहत्तर-ऐंशीचे. माझ्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला, दिवसाला बाई ठेवली होती पण रात्री दोनदा-तीनदा उठवायला हीच, माणूस साठ-बासष्ट किलोचा. फिजिओथेरपिस्टने तिला शिकवलं ते मी बघितलंय. आधी त्यांना पलंगाच्या कडेला सरकवून पाय जमिनीवर टेकवायचे, मग आपण अगदी जवळ उभं राहायचं, आपले गुडघे वाकवून, त्यांच्या अधू बाजूच्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा आधार देऊन, कंबरेला बांधलेल्या पट्ट्याला धरायचं, काखेत हात घालून ओढायचं नाही, आणि एक दोन तीन म्हणून उठताना जोर मांड्यांचा लावायचा, कंबरेचा नाही. ऐकायला सोपं, पण ज्या बाईने वीस वर्षांत एकही उठाबशी काढलेली नाही तिच्या मांड्यांत तो जोर येणार कुठून? पहिल्या आठवड्यातच पाठ धरली तिची. मग त्याच फिजिओने तिला खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचे सेट दिले आणि ते ती रोज करायची, एकही दिवस चुकवायची नाही, कारण रात्री दोनला परीक्षा ठरलेली. हिला मोटिव्हेशनल व्हिडिओ पाठवायची गरज पडली का? नाही. आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी ही वेळ आज ना उद्या येणार आहे, तर मांड्या आधीच तयार का नसाव्यात.

यादी झाली की शरीर आत्ता कुठे आहे ते तपासा. घरात करायची सगळ्यात बोलकी टेस्ट म्हणजे जमिनीवर बसणं आणि उठणं. भिंतीजवळ उभे राहा, कोणीतरी शेजारी असू दे, गुडघ्याचं किंवा कंबरेचं ऑपरेशन झालेलं असेल तर हे करूच नका. आता हात, गुडघा, कोपर काही न टेकता खाली मांडी घालून बसा आणि तसंच उठा. ब्राझीलमध्ये डॉक्टरांनी याचे दहा मार्क ठरवलेत, बसायचे पाच, उठायचे पाच, प्रत्येक टेकूला एक मार्क कट आणि तोल गेला तर अर्धा. २०१२ साली त्यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांचा अभ्यास छापला, त्यात कमी मार्कवाल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त दिसलं. त्याने घाबरून जायचं कारण नाही, मार्क कमी पडले म्हणून कोणी मरत नाही, पायातली ताकद, तोल, लवचिकपणा आणि वजन या चारही गोष्टी एका झटक्यात कळतात म्हणून ती टेस्ट चांगली. आपली आजी दिवसातून पन्नास वेळा हे करत होती, चुलीपुढे, जात्यापुढे, देवापुढे. आपण डायनिंग टेबल आणलं, कमोड आणला, ओटा उभा केला आणि मांड्यांना रिटायर करून टाकलं.

मग दुसरी तपासणी, तीन मजले न थांबता चढून वर गेल्यावर पूर्ण वाक्य बोलता येतं का. तिसरी, वीस लिटरचा पाण्याचा जार उचलून चार पावलं नेता येतो का (पाठीचा त्रास असलेल्यांनी दळणाच्या डब्यावर भागवा). बास, यापेक्षा जास्त भानगडीत पडू नका.

आता जोडकाम. कारणावरून व्यायाम काढायचा, व्यायामावरून कारण नाही. आईला उठवायचं असेल तर खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात लावून पुशअप, आणि पाण्याच्या बाटल्या भरलेल्या दोन पिशव्या दोन हातात घेऊन हॉलमध्ये फेऱ्या. पंगतीत बसायचं असेल तर रोज संध्याकाळचा चहा खाली चटईवर, आधी सोफ्याचा आधार घेऊन, मग हळूहळू आधार कमी. गड चढायचाय तर जिने, आणि उतरायची पण प्रॅक्टिस करा, गुडघे चढताना नाही उतरताना शिव्या घालतात. आम्ही सातारकर त्या बाबतीत नशीबवान, अजिंक्यतारा गावाच्या डोक्यावरच आहे, सकाळी सहाला बघितलं तर निम्मं सातारा त्या रस्त्यावर भेटतं. पण तिथेही एक गोष्ट दिसते, लोक चालतात भरपूर आणि ताकदीचं काहीच करत नाहीत. "मी रोज तासभर चालतो" हे आमच्याकडे सर्टिफिकेटसारखं सांगतात. चालणं उत्तमच, पण तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण तीन ते आठ टक्के स्नायू कमी होत जातात आणि ते नुसत्या चालण्याने भरून निघत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं पण तेच आहे, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, आणि त्याशिवाय दोन दिवस तरी स्नायूंचा व्यायाम. मध्यम म्हणजे किती तर चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत. गप्पा मारत रमतगमत चाललात आणि खाली येऊन मिसळ खाल्लीत तर तो कार्यक्रम सामाजिक म्हणून छान आहे, एवढंच.

आणि दहा हजार पावलांचं फार मनावर घेऊ नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या लॅबमधून नाही. तुम्ही आत्ता तीन हजार चालत असाल तर पाच हजारानेही फरक पडतो.

बायकांसाठी एक वेगळं सांगायला पाहिजे. पंचेचाळीस-पन्नासच्या दरम्यान पाळी जायच्या आधीची काही वर्षं झोपेची वाट लागते, मधेच अंगातून वाफा निघतात, चिडचिड, आणि हाडांची झीज त्या काळात वेगाने होते. अशा वेळी "दहा वर्षांनी फ्रॅक्चर होऊ नये" हे कारण फार लांबचं वाटतं हो. तिथे जवळचं कारण घ्या, आज रात्री झोप लागावी. किंवा संध्याकाळी मुलावर ओरडू नये. व्यायामाचा फायदा त्याच दिवशी दिसतो तो मूडमध्ये आणि झोपेत, कंबरेवर नाही, आणि माणूस आज मिळणाऱ्या गोष्टीसाठी उठतो. एक महिना करून बघा, कालनिर्णयच्या चौकोनात व्यायाम केला की टिक आणि झोप कशी लागली त्याचा एक आकडा, पाचपैकी. महिनाअखेर दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, मग कोणी समजावून सांगायची गरज राहत नाही. त्रास जास्त असेल तर मात्र गायनॅककडे जा, सगळं अंगावर काढायची आपल्याला वाईट खोड आहे.

एक गोष्ट मला फार आवडते. लंडनमध्ये १९५३ साली जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली होती. एकच नोकरी, साधारण सारखाच वर्ग, पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना वरखाली करणारा, तर कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला. त्या कंडक्टरांना कोणी मोटिव्हेट केलं होतं का? तिकीटं फाडायची होती म्हणून चढत होते बिचारे. म्हणजे कारण शोधायची अजून एक भारी ट्रिक अशी की दुसऱ्या कुठल्या तरी जबाबदारीतच पाय अडकवून ठेवायचे. दूध घरपोच बंद करून आणायला जायचं. आई पलीकडच्या पेठेत राहत असेल तर तिच्या सकाळच्या गोळ्या द्यायचं काम स्वतःकडे घ्यायचं आणि गाडीला हात लावायचा नाही. सोसायटीच्या टाकीचं, झाडांचं, देवळातल्या काकड आरतीचं काही अंगावर घ्या. गणपतीत ढोल पथकात जायचा विचार असेल तर जाच, वय विचारत नाहीत, ढोल कंबरेला बांधून दोन तास उभं राहिलं की मग कळतं प्लँक (कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग ताठ धरायचा व्यायाम) कशासाठी असतो. दुसरा माणूस वाट बघत असला की आपण जातो. आपल्या स्वतःसाठी कोण जातंय.

वेळ ठरवताना "सकाळी जमेल तसं" असं कधीच ठरवू नका. दिवसात आधीच घडणारी एखादी गोष्ट पकडा आणि तिच्या शेपटीला बांधा. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत टाचांवर वरखाली आणि ओट्याला धरून उठबस. मुलाला क्लासला सोडलं की गाडीत रील बघत बसायचं नाही, तो सुटेपर्यंत चालायचं. सवय किती दिवसांत लागते यावर लोक एकवीस दिवस एकवीस दिवस करतात, पण लंडनमध्ये खरोखर लोकांवर मोजून बघितलं तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले, कोणाला १८, कोणाला तर २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणि त्यातच दिसलं की एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही. त्यामुळे पंधरवडा खाडा झाला म्हणून "आता पुढच्या एक तारखेपासून" हा जो आपला राष्ट्रीय संकल्प आहे तो सोडा. उद्यापासून.

पाऊस हा आमच्याकडचा मोठा व्हिलन. जुलैमध्ये इथे छत्री उलटी होते, चालणं बंद पडतं, मग श्रावणातली साबुदाणा खिचडी, मग गणपती, मग थेट दिवाळीचा फराळ संपल्यावर माणूस भानावर येतो. याला उपाय म्हणजे पावसाळ्याचा प्लॅन मे महिन्यातच लिहून ठेवणं, बिल्डिंगचे जिने, घरात खुर्ची, सूर्यनमस्कार बारा जमत नसतील तर चार. बाकी घरच्यांचं म्हणाल तर त्यांना बळंच ओढू नका, नवऱ्याला रोज टोमणे मारून कोणाचा नवरा चालायला लागलाय?

सावधगिरीचं थोडक्यात. बीपी, शुगर, हार्टची हिस्ट्री असेल किंवा चालताना छातीत दडपण, डाव्या हातात कळ, विचित्र दम लागत असेल तर आधी डॉक्टर. आणि पहिल्याच महिन्यात उत्साहाने धावायला लागू नका, पन्नाशीत टाच दुखावली की सहा महिने जातात आणि कारण कितीही चांगलं असलं तरी मन उडतं.

शेवटचं काम म्हणजे दर वर्षी कारण तपासायचं. लग्न होऊन जातं, मुलं परगावी जातात, ज्यांना उचलायचं होतं ते माणूसही राहत नाही, आणि मग महिनोन्महिने काही करावंसं वाटत नाही, हे होतं. तेव्हा तिसऱ्या प्रश्नाची यादी काढायची, पाय लागणाऱ्या गोष्टींची. कैलास-मानसरोवरला सरकारी यात्रेतून जायचं तर वय सत्तरच्या आत आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) पंचवीस किंवा त्याखाली लागतो, ही अट आहे, म्हणजे साठीत जायचं असेल तर तयारी पन्नाशीत. कळसूबाई १६४६ मीटर, मुंबई-पुणे-नाशिककरांना एका दिवसात होतं. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढवून परत आणते, पन्नाशीच्या पुढचे कितीतरी लोक ती पळतात, चालत पण करतात. आणि हे सगळं नको असेल तर आपली वारी आहेच, आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, एकदम सगळी करायला कोण सांगतंय? माऊलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते, लोणंदचा मुक्काम झाला की तिथून तरडगाव हा छोटा टप्पा आहे, आठेक किलोमीटरचा, वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण पण बघायला मिळतं. आषाढी कधी आहे ते कालनिर्णयमध्ये बघा, तिथून साधारण नऊ-दहा दिवस मागे या, तारखेला गोल करा आणि त्याच्या आधीचे तीन महिने आठवड्यातून एकदा तरी सलग दोन तास चालून ठेवा, त्याच चपलांनी ज्या वारीत घालणार आहात, नव्या नकोत.